पक्केमामांचे कच्चे बन

भिजवलेल्या बदामांची सालं काढायचं काम ज्यानं कुणी शोधून काढलं असेल, त्याला पक्केमामांनी सकाळपासून वीसएक वेळा तरी शिव्या घातल्या होत्या. बदाम चिमटीत धरायचा, दाबायचा, की तो सुळकन निसटून कधी फ्रिजखाली, कधी गॅसच्या मागे आणि एकदा तर थेट खिडकीतून खाली. साल मात्र बोटालाच चिकटलेलं. वाडगाभर बदामांत सकाळचे दोन तास गेले होते. एवढ्या वेळात मामांनी बेकरीत चार ट्रे बन वळून, फुगवून, भाजून बाहेर काढले असते.

बाहेरच्या खोलीत मामींचं शिवणमशीन चालू होतं. लोकांचे सदरे लहान करणं, पँटींच्या चेनी बदलणं असली कामं त्या घरी करायच्या. मशीन थांबलं की समजावं, मामींचे कान स्वयंपाकघरात आहेत. मामांनी एक मोठी शिवी घातली आणि मशीन थांबलं.

"राहू द्या ना हो," मामी म्हणाल्या. "मला काही नको."

हेच ते. "मला काही नको." गेले चार महिने हे वाक्य ऐकून ऐकून मामांचं डोकं फिरायची वेळ आली होती.

मामा म्हणजे काही कुणाचे सख्खे मामा नव्हेत. एकाच बेकरीत एक्केचाळीस वर्षं ते कामाला होते. झाडू मारायला म्हणून लागले, मग ट्रे पुसायला, मग पीठ मळायला, आणि एक दिवस भट्टीवरचा म्हातारा कारागीर बसला तो उठेचना, तेव्हा त्याचं लांब दांड्याचं फावडं ह्यांच्या हातात आलं. ते फावडं त्यांनी निवृत्त होईपर्यंत दुसऱ्याला दिलं नाही. दोन्ही हातांवर कोपरापर्यंत भाजल्याचे डाग होते, आणि कुठला डाग कुठल्या साली पडला हे ते न विचारता सांगायचे. रोज पहिला ट्रे बाहेर आला की त्यातल्या एका बनाच्या पोटावर ते अंगठा दाबायचे, बन वर आला की म्हणायचे, "पक्का!" मगच दुकानाचं शटर वर जायचं. मालकसुद्धा हा शब्द ऐकू येईपर्यंत कुलपाशी चुळबुळत उभा राहायचा. त्यावरून ते पक्केमामा आणि त्यांच्यामागे बायको ती पक्केमामी.

आणि कधी अंगठ्याचा खड्डा तसाच राहिला, तर मामा म्हणायचे, "कच्चा." ओरडायचे नाहीत, नुसतं म्हणायचे. ज्यानं तो ट्रे लावला असेल तो माणूस त्या दिवशी जेवायचा नाही. ह्या माणसावर आता म्हातारपणी स्वतःच्या स्वयंपाकघरात असे बन करायची पाळी आली होती, जे भाजायचेच नव्हते. कच्चेच करायचे आणि कच्चेच खायचे. एवढं करून त्यांना म्हणायचं मात्र बन.

ह्याला कारण झाल्या डॉक्टरीणबाई. मामींचं वजन उतरत चाललं होतं, म्हणून मामांनी त्यांना जवळजवळ ओढतच नेलं होतं.

"पोटात दुखणं, पोट फुगणं, हे कधीपासून?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"तसं फार नाही."

"पण कधीपासून?"

मामींनी एकदा नवऱ्याकडे पाहिलं, एकदा टेबलावरच्या वजनकाट्याकडे पाहिलं आणि हळूच म्हणाल्या, "लग्नापासून."

डॉक्टरीणबाईंनी चष्म्यावरून मामांकडे असं काही पाहिलं, जणू दुखणं म्हणजे तेच. मग म्हणाल्या, "सकाळी काय खाता?"

"बन. हे आणतात तो."

तपासण्या झाल्या. गव्हाचं वावडं निघालं. पाठोपाठ दुधाचंही निघालं. "गव्हाचा कणसुद्धा नको," डॉक्टरीणबाईंनी बजावलं. "कण म्हणजे कण. उडालेलं पीठदेखील नको."

घरी येताना अर्धा रस्ता मामा झपाझप पुढे चालत होते. मग भर चौकात थांबून त्यांनी विचारलं, "एवढं दुखत होतं, तर खात का होतीस?"

"तुम्ही समोर उभे असायचात ना," मामी म्हणाल्या.

ते खरंच होतं. पहिल्या ट्रेमधला पहिला बन, दालचिनीचा, गोल गोल गुंडाळीचा, मामा रोज कागदी पिशवीतून घरी आणायचे. पायातले बूटही न काढता मामींच्या समोर उभे राहायचे. मामी बन उलटा करून बुडाचं पीठ फुंकून टाकायच्या, एक घास खायच्या, आणि मामा विचारायचे, "कसा झालाय?"

"छान."

मगच मामांना चहा गोड लागायचा. अडतीस वर्षं, रोज एक बन आणि एक 'छान'. मालकाच्या कौतुकाला त्यांनी कधी भीक घातली नाही, गिऱ्हाइकांच्या तर नाहीच नाही. सगळा भरवसा त्या एका शब्दावर. आणि आता कळत होतं की तो शब्द म्हणणाऱ्या बाईच्या पोटात त्याच वेळी कळ येत होती. मग त्यातला एक तरी 'छान' खरा होता का? हा प्रश्न मामांना खात होता, आणि तो विचारायची हिंमत नव्हती. त्यांनी मनाशी एवढंच ठरवलं की हिला सोसेल असा एक बन आपल्या हातानं करायचा, तिच्यासमोर ठेवायचा आणि आता ती काय म्हणते ते ऐकायचं.

ठरवणं सोपं होतं. बेकरीत करावा, तर तिथल्या भिंतींनासुद्धा गव्हाचं पीठ बसलेलं. घरात ओव्हन नव्हता. जन्मभर भट्टीपुढे उभं राहिलेला माणूस घरात कशाला भट्टी मांडतोय! त्यांनी तांदळाच्या पिठाचे बन कढईत झाकण ठेवून भाजून पाहिले. त्या बनांनी भिंतीत खिळा ठोकता आला असता. ज्वारीचे केले, ते उचलताना भुगा झाले. मामी दर वेळी बशीकडे बघून म्हणायच्या, "राहू द्या हो, मला काही नको," आणि मऊ भात पुढे ओढायच्या.

शेवटी दुसऱ्या गावी राहणाऱ्या सुनेचा फोन आला.

"बाबा, भाजायचेच नाहीत. रॉ करा. रॉ व्हेगन सिनॅमन बन. एकदम हेल्दी."

"रव्याचे? अगं, रवा म्हणजे गहूच की!"

"रवा नाही हो बाबा, रॉ. कच्चे."

"आणि वेगानं कशाला? मला काय गाडी पकडायचीय?"

सून इतकी हसली की फोन तिच्या हातातून पडला. मग तिनं समजावलं की व्हेगन म्हणजे दूध नाही, तूप नाही, लोणी नाही, मधदेखील नाही. म्हणजे दुधाची तहान ताकावर भागवायची म्हटलं तर ताकही गेलं.

"मग बनात असतं काय?"

"बदाम, खजूर, जवसाची पूड आणि दालचिनी. वरून काजूची मलई."

"ह्याला वाण्याची यादी म्हणतात पोरी, बन नाही."

पण यादी त्यांनी लिहून घेतली. दुसऱ्या दिवशी सामान आणलं, बदाम भिजत घातले, आणि आज सकाळपासून हा बदामांशी झगडा चालला होता.

सालं निघाली. बदाम पंख्याखाली फडक्यावर वाळवले आणि मिक्सरला लावले. मिक्सर दोनदा तापून बंद पडला. खजुराच्या बिया काढताना एक राहिली, ती पात्यात अडकून असा आवाज झाला की शेजारीण दार वाजवून गेली. अखेर बदामाचा भुगा, जवसाची पूड आणि खजूर एकत्र करून मामांनी मळायला घेतलं, आणि तिथं खरी चिडचिड सुरू झाली. गव्हाचं पीठ मळताना कळतं, की आता ते ऐकतंय, आता ताणलं जातंय, आता पुरे म्हणतंय. ह्या गोळ्याला कान नव्हते. थाप मारली तर हात तिथंच चिकटून बसला. ताणला तर तुटला.

तरी त्यांनी तो गोळा भांड्यात घातला, वर ओलं फडकं टाकलं आणि समोर स्टूल घेऊन बसले. अर्ध्या तासानं मशीन थांबलं आणि मामी दारात आल्या.

"काय बघताय?"

"फुगतोय का बघतोय."

"त्यात फुगायला आहे काय?"

मामांनी फडकं उचललं. गोळा जसा होता तसाच होता. यीस्ट नाही, गहू नाही, तो कशाला फुगतोय! मामी काही न बोलता परत गेल्या, आणि त्या काही बोलल्या नाहीत ह्याचाच मामांना जास्त राग आला.

मग त्यांनी कपाटावरची कापडी थैली काढली. दोन महिन्यांपूर्वी निवृत्त झाले त्या दिवशी बेकरीतून आणलेली ही थैली तेव्हापासून उघडली नव्हती. लांब लाटणं बाहेर आलं, बन कापायचा दोरा बाहेर आला, हातातली रोजची हत्यारं एकेक करून ओट्यावर आली, आणि त्या दिवसात पहिल्यांदाच मामांच्या हातांना बरं वाटलं. डोकं कुरकुरायचं थांबलं आणि हात आपले आपण चालू लागले. गोळा लाटला गेला, चौकोनी, एकसारखा. त्यावर खजूर-दालचिनीचं सारण पसरलं गेलं. घट्ट गुंडाळी झाली. दोरा खालून घालून वर फास ओढला, की एक बन तुटून पडे, कड न दबता. सहा बन झाले. गुंडाळीचे वेढे मोजून घ्यावेत असे. फ्रिजमध्ये ते दोन तास घट्ट होईपर्यंत मामांनी चार वेळा दार उघडून पाहिलं. दिसायला तरी ते बनच होते, ह्यात शंका नव्हती.

उन्हं उतरताना त्यांनी एका बनावर काजूची मलई घातली, बशी घेतली आणि मशीनशेजारी मामींच्या समोर जाऊन उभे राहिले.

"घे."

मामींनी सुई वर केली, दोरा तोडला, चष्मा काढला. बन हातात घेतला, इकडून तिकडून पाहिला. मग तो तिरका करून, रोज करायच्या तशी, सवयीनं बुडाला एक फुंकर मारली.

पांढरी धूळ उडाली.

मामांना आधी कळलंच नाही. बदामाला कसली आलीय धूळ? मग त्यांनी ती पाहिली, मशीनच्या काळ्या पत्र्यावर बसताना. ती धूळ ते डोळे मिटून ओळखू शकत होते. त्यांनी मागे वळून स्वयंपाकघराच्या ओट्याकडे पाहिलं. लाटण्याशेजारी भोकाच्या झाकणाची डबी उभी होती, वर्षानुवर्षं लाटताना वरून पीठ भुरभुरवायची डबी. थैलीतून लाटण्याबरोबर तीही बाहेर आली होती. गोळा चिकटायला लागला तसा हात गेला असणार, डबी उचलली असणार, दोन झटके दिले असणार आणि परत जागेवर ठेवली असणार. जित्याची खोड.

आणि मामी बन तोंडाकडे नेत होत्या.

"थांब!" मामांनी एवढ्या जोरात हात मारला की बन भिंतीवर जाऊन आपटला. "पीठ दिसलं ना तुला?"

मामी चष्मा चाचपू लागल्या.

"दिसलं की नाही?"

"दिसलं."

"आणि तरी खात होतीस?"

"चिमूटभर तर होतं," मामी म्हणाल्या. "दोन दिवस खपताय तुम्ही. म्हटलं, एवढ्याशानं काय होतंय."

मामांची तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांनी उरलेले पाच बन कचऱ्याच्या डब्यात घातले. त्यांच्यामागून ती पिठाची डबी घातली. मग परत येऊन जे सुटले ते सुटलेच.

"आता समजलं मला ह्या घरात अडतीस वर्षं काय चाललं होतं! अळीमिळी गुपचिळी! मी काय राक्षस आहे? नको म्हणाली असतीस तर काय भट्टीत घातलं असतं तुला?"

"तुम्हाला वाईट वाटलं असतं."

"वाटू द्यायचं की! वाटलं असतं वाईट! दुसऱ्या दिवशी केळी आणली असती!"

मामी ह्यावर हसणार होत्या, पण मामांचा चेहरा बघून थांबल्या. मामा भिंतीला टेकून खालीच बसले, सांडलेल्या काजूच्या मलईशेजारी. त्यांना रडू येत होतं आणि त्याचाही राग येत होता.

"तू मला काही सांगितलंच नाहीस कधी," ते म्हणाले. "मी रोज विचारत होतो आणि तू रोज 'छान' म्हणत होतीस. आज जहर दिलं असतं तरी छानच म्हणाली असतीस. मग आता मी धरू काय नि सोडू काय? त्यातला कुठला खरा होता?"

मामी उठल्या. मशीनवरचं पीठ ओल्या फडक्यानं पुसलं, मग भिंत, मग जमीन. हात दोनदा धुतले. शेवटी स्वयंपाकघरात जाऊन त्यांनी बदामांचा डबा काढला, उरलेले सगळे बदाम वाडग्यात ओतले आणि वर पाणी घातलं.

"हे काय?" मामांनी बसल्या जागेवरून विचारलं.

"उद्या सालं मी काढते. तुम्हाला येत नाही."

"मला येत नाही?"

"नाही. निम्मे बदाम फ्रिजखाली आहेत."

मामा तोंड उघडून बघत राहिले. अडतीस वर्षांत त्यांना काही येत नाही असं ह्या बाईनं कधी म्हटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मामींनी बदामांवर कडकडीत पाणी ओतलं, जाड फडक्यात गुंडाळून घासले आणि पाच मिनिटांत सालं वेगळी करून दाखवली. मामा धुसफुसत बघत होते. मामांनी लाटणं उचललं, तर मामी म्हणाल्या, "ते नको. त्या लाकडात किती वर्षांचं पीठ मुरलंय देव जाणे." मग पाण्याची काचेची बाटली धुऊन आली. एक्केचाळीस वर्षं बेकरीत काढलेला कारागीर बाटलीनं बन लाटत होता आणि शेजारी उभी राहून त्याची बायको सांगत होती, "डावीकडं जाड राहिलंय." ओटा तीनदा घासला होता. जुना दोरासुद्धा गेला होता, मामींच्या शिवणाच्या रिळातला नवा तोडून घेतला होता. मामांनी दोनदा सांगितलं की बाजूला हो, आणि मामी दोन्ही वेळा झाल्या नाहीत.

बन घट्ट झाले. मामांनी मलई घातली, बशी मामींच्या पुढ्यात ठेवली आणि नेहमीसारखे समोर उभे राहिले.

"आधी बसा," मामी म्हणाल्या.

"मी बरा आहे."

"बसा म्हटलं ना!"

मामा बसले. मामींनी बन उलटा केला, पण फुंकर मारली नाही. नुसतं बूड नीट पाहिलं, अंगठा फिरवून अंगठाही पाहिला. मग एक घास घेतला. चावला. बराच वेळ चावला.

"कसा झालाय?" मामांनी विचारलं. छाती धडधडत होती, आणि एवढ्या वयात एका खजुराच्या गोळ्यासाठी ती धडधडावी ह्याची त्यांना लाज वाटत होती.

"दालचिनी फार झालीय," मामी म्हणाल्या. "जीभ चुरचुरते. टाळ्याला चिकटतो. आणि खरं सांगू का, हा बन नाहीच मुळी."

मामांचा चेहरा लाल झाला. तीन दिवस! बदाम, मिक्सर, बाटली, तीन दिवस! "मग ठेव खाली," ते म्हणाले. "कुणी जबरदस्ती केलीय?"

"ठेवू कशाला? मी नको म्हटलं का?" मामींनी बशी स्वतःकडे ओढली, उरलेला बन संपवला, बोटाला लागलेली मलई चाटली आणि दुसरा उचलला. दुसऱ्याचा अर्धा खाऊन झाल्यावर, बशीकडेच बघत, त्या म्हणाल्या, "ते मात्र खरंच छान व्हायचे हो."

"कुठले?"

"तुमचे. भट्टीतले. तुम्ही उभे असायचात म्हणून पहिला घास खायची. पुढचे घास कशाला खाल्ले असते? तुम्ही तर चहा घेऊन आत जायचात."

 जी बाई मामांच्या तोंडावर त्यांच्या बनाला आत्ताच एवढी नावं ठेवून बसली होती, तिचा हा शब्द खोटा म्हणायची सोयच राहिली नव्हती. त्यांनी बशीतल्या एका बनाच्या पोटावर अंगठा दाबला. खड्डा पडला तो तसाच राहिला. त्यांनी तो पाहिला, आणि नाक ओढून, चिडक्या आवाजात विचारलं, "दालचिनी किती घालू मग? दोन चमचे घातली होती."

"दोन? एक घाला."

"एक?"

"अर्धा," मामी म्हणाल्या, आणि पक्केमामा कुरकुरत बदाम आणायला बाजारात जायला उठले.